साइट वाचकाच्या फोनवर किती वेगानं उघडते? मोजायला शिकण्याची पायरी-पायरीची वाट

ऑफिसच्या वायफायवर, चांगल्या लॅपटॉपवर तुमची साइट झटकन उघडते. गुगलच्या पेजस्पीड या वेगाच्या चाचणीत ९४ मार्क पडतात. तरी वाचक कळवतात, ‘पान उघडायला फार वेळ लागतो हो.’ यात कोणीच खोटं बोलत नसतं. तुम्ही एका यंत्रावर एकदा मोजलेलं असतं. वाचक मात्र तीन वर्षं जुन्या अँड्रॉइडवर, एसटीत बसून, दर दोन किलोमीटरला टॉवर बदलत तीच साइट उघडत असतो.

मी मराठी वाचनाच्या काही साइट्सचं तांत्रिक काम बघते: लेखांच्या साइट्स, ऑनलाइन दिवाळी अंक, पुस्तकांची छोटी दुकानं. या कामात नव्यानं पडणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते. त्यांच्याकडे आकडे भरपूर असतात, पण कुठला आकडा कोणाचा आहे हे माहीत नसतं. त्यामुळे खाली सुधारणांपेक्षा मोजण्याबद्दल जास्त लिहिलं आहे. वेग वाढवण्याच्या युक्त्या जागोजाग मिळतात, पण आपल्या वाचकाला त्यातली कुठली लागू आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी जवळ काय हवं

- गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं फुकट साधन) साइटची मालकी सिद्ध केलेली असावी. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) टीएक्सटी प्रकारची, म्हणजे साध्या मजकुराची, एक नोंद टाकून हे होतं. डोमेन कोणा जुन्या डेव्हलपरच्या नावावर असेल, तर ते सोडवून घेणं हीच पहिली पायरी समजा.
- साइटच्या प्रत्येक पानावर एक छोटी स्क्रिप्ट टाकण्याची सोय. वर्डप्रेस असेल तर थीमचा हेडर किंवा तत्सम प्लगइन चालतं.
- होस्टिंगचं लॉगिन, आणि सीडीएन (पानांच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) वापरत असाल तर त्याचंही.
- स्वस्तातला, शक्यतो जुना अँड्रॉइड फोन आणि डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. फोन लॅपटॉपला दिसत नसेल तर आधी केबल बदलून बघा.
- आकडे साठवायला जागा. साधं डेटाबेस टेबलही पुरतं.

१. कोणाची, कुठल्या पानावरची भेट मोजायची ते ठरवा

बहुतेक जण होमपेज तपासतात. वाचनाच्या साइटवर होमपेजला येतं कोण? लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लेखाची लिंक दाबतात, लेख वाचतात आणि निघून जातात. दुकान असेल तर वस्तूचं पान, कार्ट आणि पैसे भरण्याचं पान महत्त्वाचं. अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘लँडिंग पेज’चा, म्हणजे वाचक साइटवर पहिल्यांदा उतरतो त्या पानांचा, अहवाल उघडा आणि पहिली पानं बघा. त्यांचे प्रकार पाडा: लेख, यादी, शोध, वस्तू, कार्ट. इथून पुढे सगळं मोजमाप या प्रकारांनुसार करायचं. एकेका पत्त्यानुसार केलंत तर हजारो ओळींत हरवून जाल.

२. गुगलकडे आधीच जमा असलेला डेटा बघा

पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकला की निकालाचे दोन भाग दिसतात. वरचा भाग खऱ्या वापरकर्त्यांचा. खालचा, तो गोल आणि त्यातले मार्क, प्रयोगशाळेतला. नवखे लोक थेट खालच्या गोलाकडे बघतात. तसं करू नका.

खालच्या भागात गुगलचा एक सर्व्हर तुमचं पान एकदा उघडतो. मध्यम दर्जाचा फोन आणि मंद ४जी असल्याची नक्कल करतो: साधारण १.६ एमबीपीएस वेग, १५० मिलिसेकंदांचा फेरा (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ), प्रोसेसरही हळू केलेला. लॉगिन नसतं, कॅशे (ब्राउझरनं आधी साठवलेल्या फाइली) रिकामी असते, कोणी स्क्रोल करत नाही, कोणी कशावर टॅप करत नाही. दोष शोधायला ही चाचणी उत्तम आहे, पण तुमच्या वाचकाचा अनुभव म्हणून तिच्याकडे बघता येत नाही.

वरचा भाग येतो क्रोम यूजर एक्स्पिरियन्स रिपोर्टमधून, म्हणजे ज्याला सगळे ‘क्रक्स’ म्हणतात त्यातून. हा डेटा २०१७ पासून खुला आहे. वापराची माहिती पाठवायला ज्या क्रोमधारकांनी संमती दिली आहे त्यांच्या प्रत्यक्ष भेटींतून तो बनतो आणि मागच्या २८ दिवसांचा असतो. इथे दोन टॅब दिसतात: एक फक्त त्या पत्त्याचा, दुसरा पूर्ण साइटचा. पानाला पुरेशा भेटी नसतील तर तुम्हाला पूर्ण साइटचे आकडे दाखवले जातात. कुठला टॅब उघडा आहे हे न बघता लोक स्क्रीनशॉट काढून क्लायंटला पाठवतात आणि मग चुकीच्या पानावर आठवडाभर काम होतं.

साइट लहान असेल तर वरचा भाग रिकामाच येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तुम्ही थेट पाचव्या पायरीवर जा. डेटा असेल तर ‘क्रक्स व्हिज’ हे गुगलचंच फुकट साधनही उघडा. त्यात आठवड्यागणिक मागच्या अनेक महिन्यांचा आलेख मिळतो, आणि ‘हे बिघडलं कधी?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे बऱ्याचदा डोळ्यांनीच दिसतं. सर्च कन्सोलमधला ‘कोअर वेब व्हायटल्स’ (गुगलची तीन अधिकृत मापं, पुढच्या पायरीत येतात) अहवालही याच डेटावर चालतो. तो सारख्या दिसणाऱ्या पानांचे गट पाडतो, आणि तुमच्या प्रकारांशी ते गट जुळतीलच असं नाही.

३. तीन मापं आणि ७५वा क्रमांक समजून घ्या

एलसीपी: पडद्यावरचा सगळ्यात मोठा मजकूर किंवा चित्र दिसायला लागलेला वेळ. २.५ सेकंदांपर्यंत चांगला, ४ च्या पुढे वाईट.

आयएनपी: टॅप, क्लिक किंवा कळ दाबल्यावर पडद्यावर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ. पूर्ण भेटीतल्या सगळ्यात वाईट प्रतिसादांपैकी एक धरला जातो. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला, ५०० च्या पुढे वाईट. स्क्रोल यात मोजत नाहीत. १२ मार्च २०२४ ला हे माप एफआयडीच्या (फक्त पहिल्या टॅपचा उशीर मोजणारं जुनं माप) जागी आलं, त्यामुळे एफआयडीबद्दल सांगणारा जुना लेख सापडला तर बंद करा.

सीएलएस: पान वाचताना मजकूर किती उड्या मारतो याचा गुण. ०.१ पर्यंत चांगला, ०.२५ च्या पुढे वाईट. याला एकक नाही.

चौथा, टीटीएफबी, म्हणजे सर्व्हरकडून पहिला बाइट यायला लागलेला वेळ. तो अधिकृत तिघांत नाही, पण मी सगळ्यात आधी तोच बघते. ८०० मिलिसेकंदांच्या आत असावा.

आता ‘७५वा’ म्हणजे काय ते बघू. समजा दहा जणांच्या भेटींत एलसीपी असा आला: १.२, १.३, १.४, १.५, १.६, १.८, २.४, ४.६, ५.२ आणि ९ सेकंद. सरासरी बरोबर ३ सेकंद. पण तीन सेकंदांचा अनुभव या दहांतल्या कोणालाच आलेला नाही. सात जणांचं मजेत चाललंय आणि तिघं वैतागलेत. मधला आकडा घेतला तर १.७ येतो आणि ते तिघं गायबच होतात. चढत्या क्रमानं लावून पंचाहत्तर टक्क्यांवरची भेट घेतली तर ४.६ येतो, आणि दुखणं दिसतं. गुगलही हाच ७५वा टक्का धरतं. तुमच्या कुठल्याही अहवालात ‘सरासरी लोड टाइम’ असा रकाना असेल तर तो काढून टाका. मध्ये ठेवलात तर मीटिंगमध्ये कोणीतरी त्याच्यावरच बोट ठेवणार.

४. क्रक्सला कोण दिसत नाही?

आयफोनवाले दिसत नाहीत, मग ते क्रोम वापरत असले तरी. भारतात मोबाइल म्हणजे बहुतांशी अँड्रॉइड, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकांपुरतं हे फार खटकत नाही. पण दिवाळी अंकाच्या साइटवर न्यू जर्सी, लंडन, दुबईहून येणारा वाचक बराच असतो आणि त्यांच्यात आयफोन जास्त. त्या मंडळींचा अनुभव क्रक्समध्ये नाहीच.

फेसबुकच्या अ‍ॅपमध्ये उघडलेली पानंही दिसत नाहीत. अँड्रॉइडवर फेसबुक लिंक स्वतःच्या आतल्या खिडकीत उघडतं, आणि ती खिडकी म्हणजे वेबव्ह्यू. क्रक्स तो मोजत नाही. तुमची अर्धी गर्दी फेसबुकवरून येत असेल तर तुम्ही अर्धंच चित्र बघताय.

शिवाय पत्त्यातलं प्रश्नचिन्ह आणि त्यापुढचं सगळं क्रक्स कापून टाकतं. काही जुन्या साइट्सवर प्रत्येक लेख एकाच पत्त्यावर, पुढे क्रमांक जोडून उघडतो. तिथे सगळे लेख मिळून एकच पान ठरतं.

५. स्वतःचं मोजमाप बसवा

वेळ घालवायचाच तर या पायरीवर घालवा.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचं वेब अ‍ॅनालिटिक्स. ते फुकट आहे, साइट त्यांच्याकडे वळवलेली नसली तरी चालतं, एक स्क्रिप्ट टाकली की झालं. ज्यांना कोडला हात लावायचाच नाही त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. पैसे मोजायची तयारी असेल तर डेटाडॉग, न्यू रेलिक, स्पीडकर्व्ह, डीबगबेअर अशा सेवा आहेत. लहान साइटला सुरुवातीलाच त्यांची गरज पडते असं मला वाटत नाही.

मी स्वतः वापरते ती गुगलची ‘वेब-व्हायटल्स’ नावाची मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट लायब्ररी. दाबून दोनेक केबीची आहे. प्रत्येक मापासाठी तिच्यात एकेक फंक्शन आहे. तुम्ही त्याला सांगायचं की आकडा तयार झाला की माझ्या या पत्त्यावर पाठव. कोडचा नमुना लायब्ररीच्या पानावर तयार आहे, तो इथे उतरवत नाही. तिची ‘अ‍ॅट्रिब्यूशन’ आवृत्ती घ्या. ती थोडी मोठी आहे, पण आकड्याबरोबर कारणही पाठवते: एलसीपीचं चित्र कुठलं होतं, कुठल्या बटणावर टॅप केल्यावर अडकलं, पानावरचा कुठला भाग सरकला. नुसता आकडा साठवलात तर महिन्यानंतर तुमच्याकडे ‘आयएनपी ४८०’ एवढंच असेल आणि करायचं काय हे कळणार नाही.

प्रत्येक नोंदीबरोबर एवढं पाठवा: मापाचं नाव, आकडा, लायब्ररीनं दिलेला आयडी, पानाचा प्रकार (पहिल्या पायरीत ठरवलेला), भेटीचा प्रकार (पान नव्यानं उघडलं की बॅक बटणानं), फोन की संगणक, फोनची रॅम, जोडणीचा अंदाज, लॉगिन आहे की नाही, आणि साइटची आवृत्ती. रॅम आणि जोडणी ब्राउझर सांगतो, तेही फक्त क्रोमच्या घराण्यातले ब्राउझर, आणि ढोबळच. देश सर्व्हरवर कळतो.

हे बसवताना चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, पाठवायची वेळ. वाचक पान ‘बंद’ करत नाही. तो होम बटण दाबतो किंवा अ‍ॅप वर सरकवून टाकतो. मोबाइलवर ‘अनलोड’ची, म्हणजे पान बंद झाल्याची, घटना बऱ्याचदा येतच नाही. म्हणून पान नजरेआड होण्याच्या क्षणाला, म्हणजे ‘व्हिजिबिलिटी चेंज’ला, सेंडबीकननं (पान गेलं तरी आकडा पोचवणारं ब्राउझरचं फंक्शन) पाठवायचं.

दुसरं, एकाच भेटीच्या अनेक नोंदी. वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन परत आला की सीएलएस आणि आयएनपी वाढू शकतात आणि पुन्हा पाठवले जातात. प्रत्येक आयडीची शेवटची नोंद तेवढी धरा. नाहीतर पाच वेळा ये-जा करणारा एक वाचक पाच जणांएवढा मोजला जाईल.

तिसरं, रकान्याचा प्रकार. टेबलात आकड्याचा रकाना पूर्णांकाचा ठेवला की सीएलएस सगळीकडे शून्य दिसतो आणि सगळे खूश होतात. दशांश ठेवा.

चौथं, बॅक बटण. आधी उघडलेलं पान ब्राउझर स्मरणातून जसंच्या तसं परत दाखवतो, तेव्हा एलसीपी जवळजवळ शून्य येतो. यादीतून लेखात आणि लेखातून परत यादीत, असं वाचणाऱ्यांच्या साइटवर अशा भेटी ढीगभर. वाचकाच्या दृष्टीनं ते खरं आहे, पण नव्यानं उघडलेल्या पानांचं दुखणं त्याखाली झाकलं जातं. भेटीचा प्रकार पाठवायला सांगितलं ते यासाठीच. दोन्ही वेगळे बघा.

आकडे गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्येही पाठवता येतात. तिथल्या नेहमीच्या अहवालात ७५वा टक्का मिळत नाही, त्यासाठी डेटा बिगक्वेरीत (गुगलचा मोठा ऑनलाइन डेटाबेस) उतरवावा लागतो. ती जोडणी दिवसाला दहा लाख इव्हेंटपर्यंत विनामूल्य आहे. बिगक्वेरीत क्वेरी लिहायची सवय नसेल तर स्वतःचं टेबल बरं.

काही ब्राउझर ही मापं देतच नाहीत. सीएलएस क्रोमच्या घराण्याबाहेर मिळत नाही, आणि जुन्या आयफोनवर एलसीपी आणि आयएनपीसुद्धा नाही. अशा ठिकाणी टीटीएफबी आणि पहिला मजकूर दिसण्याची वेळ, म्हणजे एफसीपी, यांवर भागवा. परदेशी वाचकांसाठी माझा आधार बहुतेक तोच असतो.

आणि खासगीपणा. आयपी पत्ता साठवू नका, शोधात टाइप केलेला मजकूर पाठवू नका, पत्त्यात कोणाचा ईमेल किंवा फोन नंबर येत असेल तर तो आधी छाटा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडे आहे आणि युरोपातल्या वाचकांसाठी त्यांचा जीडीपीआर. वेग मोजायला माणूस ओळखावा लागत नाही, त्यामुळे ही माहिती जमवून उपयोग काहीच नाही, जोखीम तेवढी वाढते.

६. आकडा फोडा

आठवड्याभराचा डेटा जमला की पूर्ण साइटचा ७५वा टक्का काढा, आणि लगेच विसरा. पानाच्या प्रकारानुसार फोडा. मग फोनच्या रॅमनुसार, देशानुसार, लॉगिननुसार. एका तुकड्यात शे-दोनशे भेटीच असतील तर आकडा रोज उड्या मारेल, त्यावर निर्णय घेऊ नका. प्रत्येक आकड्याशेजारी भेटींची संख्या लिहायची सवय लावा.

देशानं फोडल्यावर काय दिसतं ते सांगते. सर्व्हर मुंबईत असला की महाराष्ट्रातल्या वाचकाचा टीटीएफबी छान असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून मुंबईपर्यंतचा एकच फेरा साधारण २०० मिलिसेकंदांचा. जोडणी, सुरक्षित जोडणी आणि मग पानाची मागणी, असे तीन फेरे झाले की ६०० गेले, आणि यात सर्व्हरच्या कामाचा वेळ धरलेलाच नाही. तिथे चित्रं लहान करून काही होत नाही, सीडीएनवर पान साठवावं लागतं.

सोशल मीडियावरून आलेले वाचक वेगळे काढा, इथे हमखास काहीतरी सापडतं. फेसबुक लिंकच्या शेपटीला स्वतःचा एक लांबलचक कोड जोडतं. सर्व्हरवर तयार पान साठवून ठेवणाऱ्या काही कॅशिंग व्यवस्थांना प्रत्येक शेपटी म्हणजे नवं पान वाटतं, मग कॅशे बाजूला राहते आणि प्रत्येक वाचकासाठी वर्डप्रेस पान नव्यानं बनवत बसतं. त्यात लघु-लिंक वापरली असेल तर तिच्यावरून मूळ पत्त्यावर, तिथून सुरक्षित पत्त्यावर, तिथून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वाल्या पत्त्यावर असे हेलपाटे. वाचकाचा हा सगळा वेळ टीटीएफबीत मोजला जातो. तुम्ही पेजस्पीडमध्ये शेवटचा, स्वच्छ पत्ता टाकता, म्हणून तिथल्या प्रयोगशाळेच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. कॅशेच्या सेटिंगमध्ये अशा शेपट्या दुर्लक्षित करायला सांगा.

७. आकड्यापासून कारणापर्यंत

एलसीपी वाईट असेल तर त्याचे चार तुकडे बघा, अ‍ॅट्रिब्यूशन आवृत्ती ते देते: टीटीएफबी, चित्र मागवायला झालेला उशीर, चित्र उतरायला लागलेला वेळ, आणि उतरल्यावर दिसायला लागलेला वेळ. गुगलचा ठोकताळा असा की पहिला आणि तिसरा तुकडा प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपास असावा आणि उरलेले दोन दहा-दहा टक्क्यांच्या आत. दुसरा तुकडा फुगलेला दिसला तर बहुधा लेखाच्या वरच्या मोठ्या चित्रालाच लेझी-लोडिंग (चित्र पडद्याजवळ आल्यावरच मागवण्याची सोय) लागलेलं असतं. वर्डप्रेस २०२० पासून चित्रांना ते आपोआप लावतं. पहिलं चित्र वगळण्याची समज त्याला पुढच्या आवृत्त्यांत आली, पण स्पीड वाढवणारी प्लगइनं ती समज पुन्हा मोडतात.

चौथा तुकडा फुगलेला असेल आणि एलसीपी मजकुराचा असेल, तर मराठी साइटवर फॉन्टवर संशय घ्या. जोडाक्षरं आणि मात्रांची रूपं यांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमन फॉन्टपेक्षा जड असते. त्यात डिझायनरनं सडपातळ, मध्यम, ठळक असे चार वजनांचे फॉन्ट लावलेले असतात. काही सांगितलेलं नसेल तर फॉन्ट येईपर्यंत क्रोम तीन सेकंदांपर्यंत मजकूर अदृश्य ठेवतो: पान आलं, लेख आला, अक्षर दिसत नाही. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ दिलं तर मजकूर लगेच फोनच्या फॉन्टमध्ये दिसतो, पण खरा फॉन्ट आल्यावर ओळी सरकतात आणि सीएलएस चढतो. ‘साइझ-अ‍ॅडजस्ट’नं दोन्ही फॉन्टची मापं जुळवता येतात. माझं मत विचाराल तर लेखाच्या मजकुराला वेब-फॉन्ट लावूच नका. अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर हे देवनागरी फॉन्ट मुळातच असतात. मथळ्याला मुक्ता किंवा बलू एका वजनात वापरा आणि हौस भागवा.

फॉन्ट छाटून लहान करणार असाल तर एक इशारा. नुसती मुळाक्षरं ठेवणारं साधन वापरलंत तर जोडाक्षरांची रूपं उडतात. छाटल्यावर ‘क्षेत्र’, ‘ज्ञान’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द पानावर लिहून डोळ्यांनी बघा. कुठलंही वेगाचं माप तुटलेला ‘ऱ्या’ पकडत नाही.

आयएनपीचं मूळ बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये असतं: जाहिराती, चॅटची खिडकी, टॅग मॅनेजरमध्ये (कोडला हात न लावता साइटवर स्क्रिप्ट टाकायचं साधन) साचलेले जुने टॅग. तुमच्या लॅपटॉपला ते जाणवत नाहीत, दोन जीबी रॅमच्या फोनला जाणवतात. मराठी साइट्सवर आणखी एक खास जागा म्हणजे शोधाची पेटी. रोमनमध्ये टाइप करा, देवनागरीत उमटेल, अशी सोय असते आणि प्रत्येक कळ दाबली की आख्खा शब्दसंग्रह चाळला जातो. प्रत्येक कळ आयएनपीत मोजतात. हे काम थोडं थांबून, टाइप करणारा विसावल्यावर करायचं. आयएनपीचा परिणाम धंद्यावरही होतो. बसची तिकिटं विकणाऱ्या रेडबसनं आयएनपी सुधारल्यावर विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं आहे.

सीएलएसबद्दल एवढंच: प्रयोगशाळेत पान स्क्रोल होत नाही, त्यामुळे लेखाच्या मध्यावर उगवणारी जाहिरात तिथे मोजलीच जात नाही. प्रयोगशाळेत शून्य आणि वाचकांकडे ०.३ असेल तर खाली स्क्रोल करत बघा. जाहिरातीच्या जागेला आधीच उंची राखून ठेवली की बहुतेक प्रश्न मिटतो.

८. तोच त्रास स्वस्त फोनवर घडवून बघा

फोनच्या ‘अबाउट’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, संगणकावरच्या क्रोममधलं ‘इन्स्पेक्ट’ पान उघडा. फोनवरची टॅब तिथे दिसेल आणि परफॉर्मन्स पॅनेलनं तिची नोंद घेता येईल. वायफाय बंद ठेवा, सिमचा डेटा वापरा. थंड पडलेला फोन आणि तासभर वापरून तापलेला फोन यांत फरक पडतो, तोही करून बघा.

इथे अ‍ॅट्रिब्यूशन आवृत्तीनं पाठवलेलं कारण कामी येतं. ‘शोधाच्या पेटीत टाइप करताना अडकतं’ हे माहीत असल्यावर फोनवर तेवढंच करायचं.

९. बदल करा, खूण ठेवा, थांबा

एका वेळी एकच बदल साइटवर चढवा आणि आवृत्तीचा क्रमांक वाढवा. तुमच्या स्वतःच्या टेबलात फरक एक-दोन दिवसांत दिसेल. क्रक्स मागच्या २८ दिवसांचा असल्यानं तिथे आकडा रोज थोडाथोडा सरकतो आणि पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे जातात. क्लायंटला हे काम सुरू करण्याआधी सांगून ठेवा, नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

सुधारणा केल्यावर आकडा बिघडला तर लगेच बदल मागे घेऊ नका, आधी भेटींची संख्या बघा. यूट्यूबमध्ये काम केलेले अभियंता ख्रिस झकारायस यांनी २०१२ मध्ये सांगितलेली हकिगत आहे. त्यांनी व्हिडिओचं पान १.२ एमबीवरून ९८ केबीवर आणलं, आणि लोड व्हायचा सरासरी वेळ उलट वाढला. कारण शोधल्यावर दिसलं की आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका इथले अतिशय मंद जोडणीवाले लोक, ज्यांना आधी पान उघडणंच शक्य नव्हतं, ते आता येऊ लागले होते. त्यांना दोन मिनिटं लागत होती, पण व्हिडिओ दिसत होता. तुमची स्क्रिप्ट पोचण्याआधीच कंटाळून परत गेलेला वाचक तुमच्या टेबलात कधीच नव्हता. म्हणून तुकड्यांनी तुलना करा: दोन जीबीच्या फोनवर आधी किती, आता किती, त्या फोनवरून आधी किती जण यायचे, आता किती.

पुढची देखभाल फार नाही. आठवड्यातून एकदा पानांच्या प्रकारांनुसार ७५वा टक्का आणि भेटींची संख्या बघा. नवं प्लगइन टाकलं, जाहिरातवाला बदलला किंवा दिवाळी अंक चढवला की दुसऱ्या दिवशी बघा. टॅग मॅनेजरची किल्ली मार्केटिंगकडे असेल तर त्यांना एवढीच विनंती करा, की नवा टॅग टाकला की त्या दिवसाची तारीख आणि टॅगचं नाव तुमच्या याच टेबलाशेजारच्या शीटमध्ये लिहायचं.